शिपायाने सोडलेला नळ आणि दुसऱ्याने भरलेला फॉर्म

सातारच्या शाळेत लहानग्या भीमरावाला तहान लागली तर काय करावे लागे, हे आपल्या चळवळीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. इतर मुले नळापाशी जात, नळ सोडत आणि पाणी पीत. भीमरावाला आधी गुरुजींची परवानगी लागे. मग शिपाई येऊन नळ सोडी, कारण त्या मुलाचा हात नळाला लागता कामा नये. शिपाई जागेवर नसला की तो दिवस पाण्यावाचून. बाबासाहेबांनी हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले आहे.

या आठवणीत एक बारकावा आहे. शाळेत नळ होता. नळाला पाणी होते. भीमरावाला पाणी द्यायचे नाही, असेही कुणी म्हणत नव्हते. शिपाई भला माणूस असेल तर पाणी मिळतच होते. तरीही तो अन्याय होता, कारण बाकीच्यांना जे स्वतःच्या हाताने मिळत होते ते या मुलाला दुसऱ्याच्या सवडीने मिळत होते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या दृष्टिहीन मुलामुलींचे आज ऑनलाइन फॉर्मच्या बाबतीत नेमके हेच चालले आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि हा प्रश्न आपल्या चळवळीच्या बाहेरचा नाही, असेही आमचे म्हणणे आहे. का, ते इतिहासातून सांगतो.

अर्ज हे आपले पहिले हत्यार

मोर्चा, सत्याग्रह आणि परिषद यांच्याही आधी आपल्या पूर्वजांनी अर्ज उचलला. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी दापोलीहून ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’च्या वतीने १८९४ साली विनंतीपत्र तयार केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, १९२८ साली सायमन कमिशनला निवेदन दिले. हक्क मागायचा तर तो सरकारच्या भाषेत, सरकारच्या कागदावर आणि स्वतःच्या सहीने मागायचा, हे या माणसांनी ओळखले होते.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांनी लिनलिथगोला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी तीन लाख रुपयांची तरतूद त्यातून मिळाली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज मेहकर, चिखली, खामगावच्या कॉलेजात शिकणारा आपला मुलगा किंवा मुलगी जी शिष्यवृत्ती घेते, तिचे मूळ तिथे आहे.

फरक एवढाच की आता तो अर्ज कागदावर होत नाही. शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, परीक्षेचा फॉर्म, नोकरीची जाहिरात, पीक विमा, सगळे ऑनलाइन. अपंगत्वाचे प्रमाणपत्रसुद्धा १ जून २०२१ पासून फक्त ऑनलाइन पद्धतीनेच दिले जाते. म्हणजे माणूस दृष्टिहीन आहे, हे सिद्ध करण्यासाठी लागणारा फॉर्मही पडद्यावरच भरायचा.

मनूने वाटा नाकारला, भाकर देऊ केली

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात शूद्र आणि स्त्रियांबद्दल काय लिहिले आहे हे आपल्याला माहीत आहे. त्याच मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्क नाकारलेल्यांची यादी आहे. तीत जातीबाहेर टाकलेला ‘पतित’ आहे आणि त्याच्याच ओळीत जन्मांध आणि बहिरा आहे. यांना संपत्तीत वाटा नाही, असे सांगून पुढच्याच श्लोकात म्हटले आहे की यांना अन्नवस्त्र मात्र द्यावे. अकराव्या अध्यायात तर दिवा चोरणारा पुढच्या जन्मी आंधळा होतो, असेही लिहून ठेवले आहे.

मनूचा हिशेब नीट पाहा. माणसाचे दुःख त्याच्याच गेल्या जन्मीच्या पापाचे फळ, म्हणून हक्क नाही. पण आपण पुण्यवान, म्हणून दोन घास देऊ. अस्पृश्याला आणि अंधाला एकाच मापाने मोजणारा हा हिशेब आहे. हिंदू वारसाहक्कातली ही अपात्रता बऱ्याच अंशी दूर करायला १९२८ चा कायदा लागला, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ ने रोग, व्यंग वा विकृतीमुळे वारसा नाकारता येणार नाही, हे पक्के केले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेतच कर्म आणि पुनर्जन्म यांच्या रूढ कल्पनेवर प्रश्न उभा केला. तो प्रश्न जसा जातीला लागू होतो तसाच अंधत्वालाही होतो.

नावाचेही तेच. गांधींनी आपल्याला ‘हरिजन’ म्हटले, आपण ते नाकारले. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द पुढे केला, आणि अपंगांच्या अनेक संघटनांनी त्याला विरोध केला. देवाचे नाव लावले म्हणून दरवाजा उघडत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मोजणीतही दोघांचे नशीब सारखेच. १९३१ च्या जनगणनेत जातही मोजली गेली आणि अंधही मोजले गेले. त्यानंतर अनुसूचित जाती-जमाती सोडता जातीचा रकाना गेला, आणि अपंगत्वाचाही गेला. १९८१ मध्ये तो थोडासा परत आला. अपंगांच्या संघटना भांडल्या तेव्हा कुठे २००१ मध्ये तो नीट आला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टीचे अपंगत्व असलेली माणसे सुमारे पावणेसहा लाख नोंदली गेली. रकाना म्हणजे सत्ता असते. फॉर्ममध्ये कुणाला जागा आहे आणि फॉर्म कुणाला भरता येतो, यावरून राज्य कुणाचे ते कळते.

पडदा वाचणारा आवाज

दृष्टिहीन माणूस संगणक कसा वापरतो, असे आपले कार्यकर्तेही विचारतात. स्क्रीन रीडर नावाचे सॉफ्टवेअर असते. पडद्यावर जे लिहिले आहे ते ते मोठ्याने वाचते. माउस लागत नाही. टॅबची कळ दाबत पुढे जायचे आणि ऐकायचे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ पासून एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर घडवला आणि तो फुकट ठेवला. त्यात मराठीही ऐकता येते. अँड्रॉइड मोबाइलमध्ये टॉकबॅक असतो. त्यामुळे पैसे नाहीत म्हणून स्क्रीन रीडर नाही, ही सबब आता उरलेली नाही.

अडचण फॉर्ममध्ये आहे. आमच्या एका साथीदाराच्या शेजारी बसून आम्ही ती ऐकली. तो लोणार तालुक्यातला, जन्मापासून दृष्टिहीन, आई शेतमजूर. बी.ए.ला होता तेव्हाची गोष्ट. शिष्यवृत्तीचा अर्ज त्याने लॅपटॉपवर उघडला आणि टॅब दाबला. आवाज आला, “एडिट, ब्लँक.” पुन्हा टॅब. “एडिट, ब्लँक.” पुन्हा तेच. अकरा रिकाम्या चौकटी. नाव कोणत्या चौकटीत, वडिलांचे नाव कोणत्या, आधार क्रमांक कोणत्या, काहीच कळेना.

डोळस माणसाला चौकटीच्या डावीकडे ‘अर्जदाराचे नाव’ असे दिसत होते. पण ते अक्षर आणि ती चौकट यांची गाठ फॉर्म बनवणाऱ्याने आतून बांधलीच नव्हती. ही गाठ बांधायला संगणकाच्या भाषेत एका ओळीचे काम असते. त्याला लेबल म्हणतात.

पुढे जन्मतारीख. तिथे कॅलेंडर उघडत होते आणि ते फक्त माउसने चाले. मग चुकीची सूचना आली ती लाल रंगात. आवाजात काहीच आले नाही. मग कॅप्चा, म्हणजे वेड्यावाकड्या अक्षरांचे चित्र. चित्र स्क्रीन रीडरला वाचता येत नाही आणि ऐकून भरायचा पर्याय दिला नव्हता. तेवढ्यात वेळ संपली आणि पान आपोआप बंद झाले. त्याने सूचनापत्र उघडले तर ते स्कॅन केलेले, म्हणजे तेही चित्रच. दुसरे एक पत्रक जुन्या फॉन्टमध्ये होते. दिसायला शुद्ध मराठी, पण आत इंग्रजी अक्षरांचा भरणा. युनिकोड नसलेला असा मजकूर स्क्रीन रीडर वाचू लागला की बरळल्यासारखा आवाज येतो.

शेवटी तो एका केंद्रावर गेला. चालकाने फॉर्म भरला, ओटीपी विचारला, पासवर्डही स्वतःच ठरवला. माणूस वाईट नव्हता, गर्दीत होता. एक आकडा चुकला. अर्ज त्रुटी काढून परत आला. ती सूचना त्याच खात्यात पडून राहिली, कारण खात्याचा पासवर्ड केंद्रावर आणि मालक घरी. मुदत गेली. त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. आईने उसनवारी करून फी भरली.

शिपाई जागेवर नव्हता, म्हणून पाणी नाही.

इथे कुणी म्हणेल, फॉर्म तर डोळस पोरेही केंद्रावरच भरतात, त्यात काय एवढे? फरक आहे. डोळस मुलगा केंद्रावर जातो तेव्हा पडद्याकडे पाहतो आणि म्हणतो, “ते आडनाव चुकलंय.” तो तपासू शकतो आणि उद्या स्वतः भरूही शकतो. दृष्टिहीन माणसाला आपल्या नावाने काय लिहिले गेले हे कळतच नाही. आपले उत्पन्न, आपली जात, आपला बँक खाते क्रमांक, आपला ओटीपी हे सगळे परक्याच्या हाती देऊन तो सही करतो. अंगठा लावायला लावून जमिनी कशा गेल्या, हे आपल्या आजोबांनी पाहिले आहे. न वाचता केलेली सही म्हणजे काय, ते आपल्याला वेगळे समजावून द्यायची गरज नाही.

बोले ठराव आणि आजचा कायदा

आता कायद्याकडे येऊ. कायदा नाही असे नाही. चवदार तळ्याच्या वेळीही ठराव नव्हता असे नव्हते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे उघडले. प्रत्यक्षात एकाही अस्पृश्याने त्यातले ओंजळभर पाणी घेतले नाही. म्हणून बोले यांनी १९२६ साली पुन्हा ठराव आणला, की जी नगरपालिका हे अमलात आणणार नाही तिचे सरकारी अनुदान बंद करावे. आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले. सवर्ण कोर्टात गेले. तळे सार्वजनिक नाही, खाजगी आहे, म्हणाले. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ठरावापासून निकालापर्यंत जवळजवळ चौदा वर्षे.

आपला बुलढाणा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. वऱ्हाड मध्य प्रांतात होते, त्यामुळे बोले ठराव इथे लागूही नव्हता. पण वारे इथेही पोचले होते. महाडच्याच वर्षी अमरावतीत अंबादेवी मंदिरासाठी सत्याग्रहाची हाक दिली गेली, आणि त्याच १९२७ साली आपल्या जिल्ह्यातले सत्यशोधक पंढरीनाथ पाटील यांनी जोतीरावांचे चरित्र प्रसिद्ध केले. दुसऱ्या प्रांतातला ठराव म्हणजे आपला विषय नव्हे, असे त्या पिढीने म्हटले नाही.

आता आजचा काळ पाहा. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी पहिला कायदा झाला. २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्याच्या कलम ४० ने सुगम्यतेचे नियम करायला सांगितले, कलम ४२ ने माहिती-तंत्रज्ञान सुगम करायला सांगितले, आणि कलम ४६ ने सरकारी व खाजगी सेवा देणाऱ्यांना नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. नियम १५ जून २०१७ ला निघाले. म्हणजे मुदत २०१९ च्या जूनमध्ये संपली. सरकारी संकेतस्थळे कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वे तर २००९ पासून आहेत. मग फॉर्म का बोलत नाहीत?

उत्तर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने दिले. राजीव रतुडी या दृष्टिहीन कार्यकर्त्याची याचिका होती. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाच्या अभ्यासगटाचा अहवाल कोर्टापुढे होता. कोर्टाने म्हटले, कायदा सुगम्यता बंधनकारक करतो, पण नियम १५ मध्ये ज्या मार्गदर्शक तत्त्वांची यादी आहे ती केवळ शिफारशींसारखी आहेत. म्हणून नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवून कोर्टाने सरकारला बंधनकारक किमान निकष तयार करण्यास तीन महिने दिले.

१९२३ ची शिफारस आणि २०१७ ची शिफारस. चौऱ्याण्णव वर्षांनीही युक्ती तीच.

पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाचा दुसरा निकाल आला. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीला बँक खात्याच्या ऑनलाइन पडताळणीत डोळे मिचकावून दाखवा, असे सांगितले गेले. ॲसिडने जिच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली तिने डोळे कसे मिचकावायचे? दृष्टिहीन वकील अमर जैन यांचीही याचिका सोबत होती. न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांनी डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले.

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख आहे. त्यामागे महाडचा तो दिवस आहे. राज्याच्या पैशाने बांधलेला पाणवठा कुणालाही बंद असता कामा नये, हे त्याचे तत्त्व. सरकारी पोर्टलही राज्याच्या पैशानेच बांधलेले असते.

आमचा स्वतःचा फॉर्म

इथपर्यंत सरकारला बोलणे सोपे होते. आता आमच्याबद्दल.

लोणारचा तो साथी आम्हाला म्हणाला, “दादा, सरकारचं सोडा. तुमच्या चौदा एप्रिलच्या निबंध स्पर्धेचा फॉर्म तरी मला भरता येतो का?”

आम्ही पाहिले. स्पर्धेची माहिती एका सुंदर निळ्या पोस्टरवर होती, म्हणजे चित्रात. व्हॉट्सॲपवर आला तेव्हा त्याच्या मोबाइलने फक्त “इमेज” एवढेच वाचले. नोंदणीसाठी क्यूआर कोड होता, लिंक लिहिलेलीच नव्हती. त्याला स्पर्धा होती हेच मुदत संपल्यावर कळले. समतेवरच्या निबंधाच्या स्पर्धेत आम्ही त्याच्यासाठी तळे बंद ठेवले होते, आणि आम्हाला ते ठाऊकही नव्हते. महाडच्या सवर्णांनी जाणूनबुजून अडवले, आम्ही न कळता अडवले. बाहेर राहणाऱ्याला मात्र दोन्ही सारखेच.

आपल्यातले काही म्हणतात, आधी जातीचा प्रश्न सोडवू, हे नंतर. स्वातंत्र्य आधी, अस्पृश्यता नंतर, असे काँग्रेसवाले बाबासाहेबांना सांगत होते. त्यांना बाबासाहेबांनी काय उत्तर दिले ते आपल्याला माहीत आहे. शिवाय लोणारचा तो साथी दृष्टिहीनही आहे आणि बौद्धही आहे. त्याने कोणता प्रश्न आधी घ्यायचा? बाबासाहेबांची दृष्टीही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने अधू होत गेली होती. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद जवळ मागवून घेतले होते. वाचण्या-लिहिण्याचा हक्क म्हणजे काय, हे त्यांच्याहून अधिक कोण जाणत होते?

काय करायचे

पहिले, आपल्या घरापासून. पोस्टर टाकले की त्यातला सगळा मजकूर खाली युनिकोड मराठीत टाइप करायचा. क्यूआर कोडसोबत लिंक लिहायची. फॉर्म बनवला की मोबाइलवर टॉकबॅक चालू करून, डोळे मिटून एकदा भरून पाहायचा. आम्ही या वर्षी हे केले. पोस्टर नेहमीसारखे टाकले आणि खाली तोच मजकूर टाइप केला. पाच मिनिटे जास्त लागली.

दुसरे, माहितीचा अधिकार. जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यालयाला आणि विद्यापीठाला विचारायचे, तुमच्या ऑनलाइन अर्जाची सुगम्यता तपासणी कधी झाली, कुणी केली, अहवाल द्या. तपासणीत प्रत्यक्ष दृष्टिहीन माणसे होती का? याच कायद्याच्या कलम ७(४) नुसार माहिती मिळवण्यासाठी संवेदनिक अपंगत्व असलेल्या अर्जदाराला साह्य देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, हेही लक्षात ठेवा. उत्तर नाही आले तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. कायद्याच्या कलम ८९ मध्ये दंडाची तरतूद आहे, पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, नंतर पन्नास हजार ते पाच लाख.

तिसरी मागणी १९२६ च्या बोले यांचीच. पोर्टल बनवणाऱ्या कंत्राटदाराचे बिल, दृष्टिहीन माणसाने फॉर्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः भरून दाखवल्याशिवाय निघता कामा नये. पैसा अडला की लेबल बसतात.

आणि चौथे. जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. आपल्या प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातल्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांना भेटावे. त्यांचे फॉर्म भरून द्यायला नव्हे, तर त्यांच्या शेजारी बसून फॉर्म कुठे अडतो ते ऐकायला. ऐकलेले लिहून काढावे, तारखेसह. गोपाळबाबांच्या विनंतीपत्रासारखा तो आपला अर्ज होईल, आणि त्यावर पहिली सही त्या विद्यार्थ्यांची असेल.

आमच्या त्या साथीने या वर्षीचा निबंध स्पर्धेचा फॉर्म आपल्या मोबाइलवर, आपल्या हाताने भरला. विषय म्हणून त्याने चवदार तळे निवडले आहे.

जय भीम.